निळा ठिपका

सोमवार, ४ मार्च

या वहीची मला काही गरज नव्हती. कपाटात लेकीच्या शाळेतल्या अर्ध्या कोऱ्या वह्या पडून आहेत. पण जाहिरातीतल्या बाईने ही वही छातीशी धरली होती आणि खिडकीतून बाहेर पाहत ती अशी काही हसत होती की वाटलं, हे आपल्याकडे नाही म्हणजे आपलं काहीतरी राहूनच गेलं. हा कागद म्हणे शाईला जपतो. पहिल्याच पानावर शाई मागच्या बाजूला उतरली आहे. तरी अक्षर नेहमीपेक्षा वळणदार येतंय असं मला वाटतं. नवऱ्याला दाखवलं. तो गणित शिकवतो, त्यामुळे पुराव्याशिवाय बोलत नाही. "हं," म्हणाला.

वही घेतलीच आहे तर आता आयुष्यात काहीतरी घडायला हवं. घडलं. आज आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, एकदाचं यंत्र लावलं.

मी कानाची यंत्रं विकते. आधी कान तपासते, कानाच्या आकाराचा साचा घेते, यंत्राचा आवाज त्या कानाला जुळवते आणि मगच विकते. अख्ख्या बाजाराला मी ऐकतं केलं, फक्त घरातल्या एका माणसापुढे हात टेकले होते. आई गेल्यापासून आप्पा आमच्याकडेच असतात. ते घड्याळजी. जन्मभर लोकांची घड्याळं कानाला लावून त्यांनी रोग ओळखले, आणि आता आमच्या भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं तरी त्यांना कळत नाही. कळत नाही हे मान्य करणं तर त्यांच्या स्वभावातच नाही. "हल्ली लोक पुटपुटतात," असं त्यांचं निदान आहे.

यंत्र साधंच आहे, नावगाव नसलेलं, पांढऱ्या पुठ्ठ्याच्या खोक्यातलं. पण आतून उत्तम. आप्पांनी ते कानात घालण्याआधी डोळ्याला भिंग लावलं, बॅटरीचं इवलंसं दार उघडलं आणि आत सुईने बारीकशी फुली मारली. मी ओरडले, "अहो, नवीन आहे ते!" त्यांची ही जुनी सवय. घड्याळ उघडलं की झाकणाच्या आत खूण करायची. माल टुकार असेल तर फुली, अस्सल असेल तर चांदणी. गिऱ्हाइकाला ती दिसायची नाही, पण तेच घड्याळ पुन्हा दुकानात आलं की आप्पांना कळायचं, कुणाशी गाठ आहे. लहानपणी मी विचारायचे, चांदण्या इतक्या कमी का? ते म्हणायचे, "चांदण्या वाटायला मी काय आभाळ आहे?"

माझ्या यंत्राला त्यांनी न ऐकताच फुली दिली.

बुधवार, ६ मार्च

यंत्र खणात गेलं. "शिट्टी मारतं, खरखरतं आणि माझाच आवाज मला रांजणातून आल्यासारखा वाटतो." मी म्हटलं, सवय व्हायला थोडे दिवस लागतात. "चांगल्या वस्तूची सवय करावी लागत नाही, ठमे."

माझं वय, माझं दुकान, भिंतीवरचं माझं प्रमाणपत्र, सगळं एका "ठमे"त निकालात निघतं.

रविवार, १० मार्च

दुपारी लेकीचा फोन. ती परगावी शिकते आणि दर रविवारी आजोबांशी बोलायला म्हणून फोन करते. आप्पांनी फोन कानाला लावला, दोनदा "हो हो" म्हणाले आणि माझ्या हातात दिला. "तूच बोल, रेंज नाही." रेंज व्यवस्थित होती. लेक म्हणाली, "आई, मी आजोबांना विचारलं, तुम्ही मला विसरलात का, आणि ते हो हो म्हणाले." ती हसत होती, पण फार वेळ नाही.

जेवताना मी मुद्दाम आप्पांकडे लक्ष ठेवलं. आम्ही हसलो की ते हसतात, जरा उशिरा. बागेतल्या बाकावरही हल्ली जात नाहीत. पोस्टमास्तर, बँकवाले वगैरे त्यांची जुनी मंडळी विचारतात, तर यांचं गुडघ्याचं निमित्त. गुडघे ठणठणीत आहेत. माणूस आमच्या डोळ्यांदेखत आत आत सरकत चाललाय, आणि मी कानांची तज्ज्ञ! भीती वाटते.

जेवणानंतर मी चहा घेतला, तेवढंच सुख. सोनेरी डब्यातला चहा. गेल्या महिन्यात मी हट्टाने नवऱ्याला आणायला लावला. जाहिरातीत एक माणूस पहिल्या घोटालाच डोळे मिटतो. मीही मिटते. सकाळसंध्याकाळ चहा नवराच करतो. मी फक्त फरक ओळखते.

सोमवार, ११ मार्च

आप्पांनी आज बातमी दिली. त्यांना यंत्र हवंय. मी आनंदाने उठले तर म्हणाले, "तुझं नाही. ते निळं."

माझ्या दुकानासमोरच्या शोरूममधलं निळ्या खोक्यातलं यंत्र. टीव्हीवर दिवसातून कितीतरी वेळा दिसतं. पांढऱ्या दाढीचा एक रुबाबदार गृहस्थ कानाला यंत्र लावतो, त्यावर छोटासा निळा ठिपका, मग झाडावरचा पक्षी मान वळवतो, नातवंडं धावत येतात आणि गृहस्थ हसतो. वेळेवर हसतो. आप्पांनी ती जाहिरात पूर्णपणे ऐकू न येता पाहिली आहे, आणि मला वाटतं त्यामुळेच ती त्यांना इतकी पटली.

मी समजावलं. आतला ऐवज सारखाच आहे, दोन्ही एकाच प्रकारच्या कारखान्यांत बनतात, फरक ठिपक्याचा. आप्पा म्हणाले, "फरक नसता तर त्यांनी इतका खर्च करून टीव्हीवर दाखवलं असतं का? तुझं का नाही दाखवत?"

मी बाहेर येऊन नवऱ्याला म्हटलं, शिकलेसवरलेले लोकसुद्धा पुठ्ठ्याला भुलतात, कमाल आहे. तो गाळणी धूत होता. "कमाल आहे," म्हणाला.

शुक्रवार, १५ मार्च

मला एक युक्ती सुचली आहे. लिहायला लाज वाटते, पण वही त्यासाठीच आहे.

समोरच्या शोरूममधून यंत्र घेतलेल्या एक बाई आज माझ्याकडे आल्या. साचा कानाला टोचत होता. मी नवा करून दिला. जाताना निळं खोकं माझ्या टेबलावर विसरल्या. फोन केला तर म्हणाल्या, टाकून द्या. एक कोपरा फाटलेला होता, मी आतून चिकटपट्टी लावली. खोकं हातात घेतलं आणि खरं सांगते, मलासुद्धा ते जड वाटलं. रिकामं होतं.

खणातलं आप्पांचं यंत्र काढलं. नवीन कशाला घ्यायचं? हे त्यांच्या कानाला जुळवलेलंच आहे, साचा त्यांच्याच कानाचा. स्पिरिटने पुसलं, आवाज थोडा बेताचा केला म्हणजे शिट्टी वाजणार नाही, आणि वरच्या टोकाला निळा ठिपका दिला. माझ्या निळ्या नेलपॉलिशचा. तेही जाहिरात पाहूनच घेतलं होतं. ते म्हणे पाणी, साबण, भांडी कशानेही निघत नाही. खणात त्या जागी एक बिघडलेलं यंत्र ठेवून दिलं. मग आप्पांचं यंत्र चारी बाजूंनी फिरवून पाहिलं. ओळखण्यासारखं काही राहिलं नव्हतं. काम करावं तर असं चोख.

रविवार, १७ मार्च

आप्पांनी खोकं दोन्ही हातांनी उघडलं. माझ्या पांढऱ्या खोक्याचं झाकण त्यांनी दाताने ओढलं होतं, हे मला चांगलं आठवतं. यंत्र कानात गेलं. आप्पा थांबले. स्वयंपाकघरात नवऱ्याने चमचा खाली ठेवला तर मान वळवून म्हणाले, "चमचा."

मग म्हणाले, "बघ. शिट्टी नाही, खरखर नाही. आवाज कसा, काचेसारखा! याला म्हणतात वस्तू."

मी म्हटलं, "हो आप्पा."

दुपारी लेकीचा फोन आला. आप्पा बोलत राहिले. वसतिगृहात काय जेवतेस, खोलीतली मैत्रीण कशी आहे, घड्याळ नीट चालतं का, तिकडून कानाला लाव बघू, फोनजवळ धर. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. निम्मं आनंदाचं होतं. उरलेलं निम्मं अपमानाचं. इतकी वर्षं कष्टाने शिकलेली माझी विद्या एका पुठ्ठ्याच्या खोक्याने नेलपॉलिशच्या मदतीने हरवली.

नळ बराच वेळ चालू राहिला असावा. बाहेरून आप्पा ओरडले, "नळ वाहतोय!" त्यांना ऐकू आलं होतं.

मंगळवार, १९ मार्च

आप्पा बागेत गेले. गुडघे बरे झाले वाटतं. बाकावर बसून त्यांनी निळ्या यंत्राचं कीर्तन सुरू केलं आहे. पोस्टमास्तरांनी विचारलं म्हणे, मुलीच्या दुकानातलं का नाही घेतलं? तर आप्पा म्हणाले, "वापरून बघितलं. टुकार. मुलगी आहे म्हणून काय झालं, कानाच्या बाबतीत कसली भीड?"

हे मला त्यांनी स्वतःच, फार प्रामाणिकपणे, जेवताना सांगितलं. संध्याकाळी पोस्टमास्तर माझ्या दुकानाच्या काचेसमोर थांबले, मला हात केला, ओशाळले आणि समोरच्या शोरूममध्ये शिरले.

म्हणजे मी स्वतःच्या वडिलांना स्वतःच्या यंत्राने ऐकतं केलं, आणि त्या ऐकत्या वडिलांनी माझं गिऱ्हाईक समोरच्याला दिलं. खरं सांगावं तर यंत्र पुन्हा खणात जाणार आणि आप्पा त्याच्यामागोमाग. न सांगावं तर दुकान खणात जाणार. मी मूग गिळून बसले आहे.

रविवार, २४ मार्च

बॅटरी संपली. मी बदलायला गेले तर आप्पा म्हणाले, "गुंडीएवढ्या बॅटऱ्या मी तुझ्या जन्माच्या आधीपासून बदलतोय." चिमटा घेतला, भिंग लावलं, दार उघडलं. आणि बसून राहिले. बराच वेळ आत बघत होते. मी जवळ गेले. म्हटलं, "काय झालं?"

त्यांना ऐकू गेलं नाही, कारण यंत्र हातात होतं. मग त्यांनी बॅटरी घातली, यंत्र कानाला लावलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं लहानपणी मी त्यांच्या चष्म्याने मुंगी बघताना पकडले गेले तेव्हा पाहिलं होतं.

"काय म्हणालीस?"

"काही नाही. बसली का बॅटरी?"

"बसली. मोठ्या कंपनीचं काम, आतून बघण्यासारखं आहे." आणि खांदे हलवत हसायला लागले. खोकला आला म्हणून पाणी मागितलं. "यापुढे याला कुणी हात लावायचा नाही. तूसुद्धा नाही."

निळ्या कंपनीवरची ही भक्ती पाहून मला इतका राग आला की संध्याकाळी मी चहासुद्धा डोळे न मिटता प्यायले.

गुरुवार, २८ मार्च

ठिपका! मी विसरलेच होते. आज सकाळी पाहिलं तर अर्धा उडालेला. माझ्या नखांवरचं नेलपॉलिश कधीच निघून गेलंय, मग तो तरी कसा टिकणार? आप्पा दुपारी झोपले की पुन्हा लावायचं ठरवलं, पण ते यंत्र घालूनच झोपले.

शनिवार, ३० मार्च

आश्चर्य. ठिपका शाबूत आहे. शाबूत काय, चमकतोय! मी उगीच घाबरले, परवा उजेडामुळे तसा दिसला असेल. नेलपॉलिशच्या जाहिरातीबद्दल मी वाईट बोलले ते परत घेते. माल चांगला आहे. माझ्या नखांवर टिकत नाही हा नखांचा दोष.

मंगळवार, २ एप्रिल

दुकानात शुकशुकाट. दिवसभरात एकच गिऱ्हाईक, आप्पांच्या बाकावरचे बँकवाले. साधं यंत्र हातात घेऊन पाहिलं, माझ्याकडून कान तपासून घेतले, सगळं पसंत पडलं आणि जाताना विचारलं, "खोकं कसलं येतं याला?" मी पांढरं दाखवलं. "बरं, घरी विचारून येतो," म्हणाले.

खोक्यावरून माणूस परत जातो. लोकांच्या बुद्धीची कीव येते. घरी येताना मी केसांची नवी फणी घेतली, जाहिरातीत होती, मुळांना जाग आणते.

सोमवार, ८ एप्रिल

संकट. समोरच्या शोरूमचा मॅनेजर, ज्याला मी मनातल्या मनात टायवाला म्हणते, तो स्वतः आमच्या घरी आला. बागेतल्या एका आजोबांनी त्याचं यंत्र इतकं नावाजलंय की कंपनीला त्यांची छोटी फिल्म करायची आहे. समाधानी ग्राहक. शोरूमच्या मोठ्या पडद्यावर दिवसभर दाखवणार. टायवाल्याने त्यांना ग्राहकांच्या यादीत शोधलं, सापडले नाहीत, पण म्हणाला, आमच्याच मुलींनी नोंद गाळली असणार.

आप्पा आरशासमोर गेले. तेव्हाच मी समजले की आता देवसुद्धा यांना थांबवू शकणार नाही. आप्पांना फोटोची हौस इतकी की माझ्या लग्नाच्या फोटोंत नवऱ्यापेक्षा तेच जास्त आहेत.

तिथे कुणी यंत्र काढून पाहिलं, तर? आप्पांची भर शोरूममध्ये शोभा होईल, माझी बाजारभर, आणि ते यंत्र पुन्हा कानाला लावणार नाहीत. मला याचीच धास्ती आहे. दुकान गेलं तर दुसरं काही करीन. आप्पा पुन्हा उशिरा हसायला लागले तर मी काय करू?

मी म्हटलं, "आप्पा, जाऊ नका. कॅमेऱ्याचे दिवे कानाला वाईट." मला याहून बरं काही सुचलं नाही.

"दिवे कानाला वाईट," आप्पा म्हणाले. "तू यात शिक्षण घेतलंयस ना?"

शनिवार, १३ एप्रिल

आज ती फिल्म होती.

मी दुकानाला कुलूप घालून आप्पांच्या मागोमाग शोरूममध्ये गेले. निळ्या खुर्चीत आप्पा, अंगात इस्त्रीचा कोट, समोर कॅमेरेवाला, बाजूला टायवाला. काचेबाहेर बाकावरची सगळी मंडळी. पोस्टमास्तरही होते, त्यांनी अजून काही घेतलं नव्हतं, फिल्म बघून ठरवणार होते. आप्पांनी एकच वाक्य म्हणायचं होतं: "मला पुन्हा सगळं ऐकू येतं!"

आप्पांनी एकदा म्हणून दाखवलं, छान म्हटलं. टायवाला खूश. तेवढ्यात निळ्या साडीतली मुलगी पुढे आली. "आजोबा, यंत्र एक मिनिट काढून द्या ना. आतला नंबर टिपायचाय, तुमची नोंदच सापडत नाहीये."

मी एक पाऊल पुढे टाकलं. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग कानावर हात ठेवला.

"काय म्हणालात?"

"यंत्र, आजोबा. काढून द्या."

"अं?"

"यंत्र! काढा!"

"मोठ्याने बोल, मुली. लाजायचं काय त्यात?"

टायवाल्याने तिला बाजूला केलं. म्हणाला, नंबर नंतर बघू, आधी वाक्य घ्या. कॅमेरा सुरू झाला. "आजोबा, म्हणा, मला पुन्हा सगळं ऐकू येतं!"

आप्पा प्रेमाने त्याच्याकडे बघत राहिले. "काय म्हणू?"

"मला पुन्हा सगळं ऐकू येतं!"

"काय येतं?"

टायवाला ओरडला. कॅमेरेवाला ओरडला. शेवटी दोघं मिळून ओरडले, "सगळं ऐकू येतं!" आणि काचेबाहेर उभ्या असलेल्यांना ते इतकं स्वच्छ ऐकू गेलं की पोस्टमास्तर पोट धरून खाली बसले. आप्पा मात्र कानामागे हात धरून, "हं? हं?" आत यंत्र घ्यायला बसलेलं एक जोडपं हळूच उठून बाहेर पडलं. टायवाल्याने कॅमेरा बंद करायला लावला.

मी आप्पांना हाताला धरून बाहेर आणलं. माझ्या डोळ्यांत पाणी. यंत्र बंद पडलं होतं, ऐन वेळी, सगळ्यांसमोर, आणि यंत्र माझं होतं. रस्ता ओलांडल्यावर आप्पा सहज म्हणाले, "त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ लंगडतंय. टिक वेळेवर, टक उशिरा. मघापासून डोकं उठवलं त्याने."

म्हणजे बाहेर आल्यावर यंत्र पुन्हा चालू झालं होतं. बॅटरीपाशी संपर्क सैल झाला असावा. असं होतं कधीकधी. मी म्हटलं, "आप्पा, दाखवा, मी बघते."

"हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय ना? कंपनीचं आहे."

नशीब बलवत्तर म्हणून वाचले.

गुरुवार, १८ एप्रिल

पोस्टमास्तर दुकानात आले. खुर्चीत बसले, रुमालाने घाम टिपला आणि म्हणाले, "मुली, कान तपास आणि ते तुझं साधं यंत्र दे."

मला खरंच वाटेना. म्हटलं, "निळं नको?"

"निळ्याच्या वाटेला आता बाकावरचं कुणी जात नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "फक्त एक अडचण आहे. आमच्या बाईसाहेब. पांढरं खोकं बघितलं की म्हणतील, स्वस्तातलं उचललंत, आणि मग मला घरात ऐकूच येणार नाही. म्हणून हे आणलंय."

त्यांनी पिशवीतून निळं खोकं काढून माझ्या टेबलावर ठेवलं. एका कोपऱ्यात आतून चिकटपट्टी होती. माझी.

"हे कुठून आणलंत?"

"तुझ्या वडिलांनी दिलं. यंत्र माझ्या मुलीकडचं घे म्हणाले, खोकं आपलं आहेच. ठिपका ते स्वतः देतात. घड्याळाच्या काट्यांना लावायचा निळा रंग आहे त्यांच्याकडे, नखं गळून पडतील पण तो जाणार नाही. पण खोकं आठवडाभरात परत हवंय हं. पुढचा नंबर बँकवाल्यांचा."

मी माझ्या नखांकडे पाहिलं. मग विचारलं, "त्यांना कधीपासून माहीत आहे?"

"पहिली बॅटरी बदलली तेव्हापासून. आत त्यांचीच फुली होती म्हणे." पोस्टमास्तर हसता हसता थांबले. "मी म्हटलं, मग मुलीला सांगून टाका की. तर म्हणाले, सगळ्यांसमोर तिच्या यंत्राला टुकार म्हणून बसलोय, आता कुठल्या तोंडाने सांगू? आणि तिने एवढ्या हौसेने ठिपका लावलाय, तर राहू दे."

मी त्यांचे कान तपासले. हात स्थिर होते, ते शिक्षणामुळे. बाकी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. त्यांना फुली मारताना मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यावर ओरडले होते. याच वहीत लिहिलीही होती. आणि चारी बाजूंनी यंत्र पुसताना ते दार मी उघडलं नाही. मी महिनाभर एक नाटक करत होते, आणि समोरचा माणूस माझं नाटक पडू नये म्हणून दुसरं करत होता. भर शोरूममध्ये बहिरा झाला तो. आरशासमोर इतका वेळ उभं राहून, इस्त्रीचा कोट घालून गेलेला माणूस, आपल्या फोटोवर पाणी सोडून!

रविवार, २१ एप्रिल

मी काही बोलले नाही. तेही नाहीत. सकाळी नाश्त्याच्या टेबलावर आप्पांनी कानातून यंत्र काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. "जरा साफ करून दे. मळ बसलाय."

पहिल्यांदाच दिलं. आणि मुद्दाम वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

मी ब्रशने साचा साफ केला. मग बॅटरीचं दार उघडलं. माझ्याकडे भिंग आहे, पण लागलं नाही. आत फुली होती. ओरखडा एकदा पडला की पुसता येत नाही. तिच्या शेजारी, तेवढ्याच बारीक सुईने काढलेली, एक चांदणी होती.

आमच्या अख्ख्या घरात चांदणी असलेली घड्याळं दोनच आहेत, आणि त्यातलं एक आईचं.

मी यंत्र त्यांच्या कानाला लावून दिलं. वर्तमानपत्रामागून आप्पा म्हणाले, "आता नाक ओढू नकोस, मला ऐकू येतं."

दुपारी लेकीशी त्यांचं बोलणं इतकं रंगलं की आम्हाला फोन मिळालाच नाही. नवऱ्याने चहा आणला. मी पहिला घोट घेतला, डोळे मिटले आणि ठरवलं की आता पुरे. यापुढे जाहिरातीला, ठिपक्याला, खोक्याला भुलायचं नाही. वस्तू आतून बघायची. अपवाद फक्त या चहाचा, कारण इथे डोळ्यांचा प्रश्नच नाही, जीभ सांगते. शिवाय डबाही बरकतीचा आहे, दोन महिने होत आले तरी संपत नाही. मी हे मोठ्याने म्हटलं. नवऱ्याला ठसका लागला.

आप्पांनी कपातला चहा हुंगला. मग नवऱ्याकडे बराच वेळ पाहिलं, मग माझ्याकडे.

"चहा फक्कड आहे," ते म्हणाले. "डबा मात्र जपून ठेव हो, ठमे."

ठेवणारच आहे. असा चहा पुन्हा कुठे मिळतोय!